पाण्यात गाडी घालण्याआधी

धाराशिव जिल्ह्याचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाला दुष्काळ आठवतो, टँकर आठवतात. भूम, परंडा, वाशी, कळंब भागातल्या शेतवस्त्यांची वाट मात्र पावसाळ्यात पाणीच अडवतं. बालाघाटाच्या माथ्यावर तासभर पाऊस कोसळला की खालचा ओढा फरशी पुलावरून वाहू लागतो. अलीकडे दुधाचे कॅन लावलेली मोटरसायकल थांबते, पलीकडे शाळेतून परतणारी पोरं थांबतात. हल्ली या थांबलेल्यांत एखादी फोर बाय फोरची गाडीही असते आणि तिच्या मालकाला थांबणं जड जातं. सगळे त्याच्याकडे बघत असतात. गाडी घेताना जास्तीचे पैसे मोजले ते अशाच वेळेसाठी, असं त्यालाही वाटत असतं.

त्यानं पाण्यात गाडी घालावी की नाही, यावर इथं दोन मतं कायम ऐकू येतात. ती मी दोन माणसांच्या तोंडी ठेवतो. एक गुरांचे डॉक्टर, जुनी फोर बाय फोर जीप घेऊन वस्त्या फिरणारे. दुसरे गॅरेजवाले मिस्त्री. पाणी प्यालेल्या गाड्या शेवटी त्यांच्याच दारात येतात. दोघांना नावं दिलेली नाहीत, कारण असे डॉक्टर आणि असे मिस्त्री या चारही तालुक्यांत आहेत.

डॉक्टर : मिस्त्री, पाणी दिसलं की गाडी वळवा, हे तुमचं म्हणणं बोलायला सोपं आहे. मला रात्री दोनला फोन येतो. गाय अडलीय, वासराचा एकच पाय बाहेर आलाय. मध्ये ओढा. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या १९६२ नंबरला फोन लावला तरी त्यांची गाडीही त्याच ओढ्यापाशी येऊन थांबणार. वेळेत पोचलो नाही तर वासरू जातं आणि मागोमाग गाय जाते. त्या घराचा निम्मा संसार त्या गाईवर चाललेला असतो. चारही चाकं ओढणारी गाडी दारात असताना मी काठावर बसून राहू?

मिस्त्री : राहा. गाय गेली तर वाईटच. पण तुम्ही गेलात तर बाकीच्या गावांतल्या गाई कोण बघणार?

डॉक्टर : मी मरायला जात नाही. अंदाज घेऊन जातो.

मिस्त्री : अंदाज कशाचा घेता? खोलीचा. सगळे खोलीचाच घेतात. चारही चाकं ओढतात म्हणता ना, ती कशाला धरून ओढतात? जमिनीला. टायर जमिनीवर दाबलेलं असेल तर. पाणी आधी तो दाबच काढून घेतं. मग चार काय नि आठ काय, चाकं नुसती फिरणार.

मिस्त्रींचं हे म्हणणं कागदावर मांडून बघण्यासारखं आहे. थारसारखी गाडी लांबीला जवळजवळ ४ मीटर, रुंदीला सुमारे १.८ मीटर आणि वजनाला पावणेदोन टनांच्या आसपास. तिच्या तळाला पाणी टेकलं की पुढं चढणाऱ्या दर १० सेंटीमीटर पाण्याला ती अर्ध्या टनाहून जास्त वजन बाजूला सारते आणि तेवढ्याच जोरानं पाणी तिला वर उचलतं. कमरेपर्यंत पाणी येण्याच्या आतच गाडीचं जमिनीवरचं वजन संपत आलेलं असतं. दारं, रबरं चांगली घट्ट असतील तर ती लवकर तरंगते. ज्या गाडीत पाणी शिरतं तिचं इंटिरिअर खराब होतं, पण ती तळाला जरा जास्त वेळ टिकते.

ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्स विद्यापीठाच्या जलसंशोधन प्रयोगशाळेनं २०१७ मध्ये खऱ्या गाड्या पाण्यात उभ्या करून हेच तपासलं. एक टनाची छोटी टोयोटा यारिस अवघ्या १५ सेंटीमीटर पाण्यात सरकू लागली; पाण्याचा वेग होता सेकंदाला एक मीटर, म्हणजे माणूस सावकाश चालतो तेवढा. अडीच टनांची फोर बाय फोर निसान पॅट्रोल ४५ सेंटीमीटरला डळमळली आणि ९५ सेंटीमीटरला तरंगून जाऊ लागली. ४५ सेंटीमीटर म्हणजे आपल्या गुडघ्याच्या आसपास. बालाघाटाच्या उतारावरून येणारा ओढा सेकंदाला एक मीटर वेगानं येत नाही, त्याहून बराच जोरात येतो. आणि वेग दुप्पट झाला की पाण्याचा रेटा चौपट होतो.

डॉक्टर : पण कंपनीच सांगते ना? थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते, गुरखा ७०० मधून. गुरखाला तर स्नॉर्केल कारखान्यातूनच येतं. तो आकडा खोटा आहे का?

मिस्त्री : खरा आहे. साठलेल्या पाण्याचा आहे. एवढ्या पाण्यातून गाडी नेली तर इंजिन पाणी ओढणार नाही, इतकंच तो सांगतो. वाहत्या पाण्यात गाडी जागेवर राहील असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही. स्नॉर्केलचंही तसंच. इंजिनाचं नाक वर गेलं, गाडीचं वजन नाही वाढलं. स्नॉर्केल लावलेली गाडी वाहून जाताना इंजिन चालू असतं, एवढाच फरक.

डॉक्टर : बरं, वाहत्या पाण्याचं सोडा. पूर उतरल्यावरचा ओढा घ्या. पाणी मांडीखाली, संथ, पण दोन दिवस हटत नाही. अशा वेळी लोक अडून बसतात कारण कसं जायचं ते त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. माझं भांडण त्यासाठी आहे. शिकवा की!

मिस्त्री : तुम्ही कसं जाता ते सांगा.

डॉक्टर : आधी गाडी काठावर थांबवतो. पाण्याच्या कडेला एक काठी रोवतो आणि पंधरा मिनिटं बघतो. पाणी काठीवर चढतंय की उतरतंय? चढत असलं तर विषय संपला. रंग गढूळ व्हायला लागला, काड्या-कचरा वाहत यायला लागला, तरी विषय संपला. वरून लोंढा येतोय. पाणी उतरत असलं तर हातात काठी घेऊन स्वतः पायी पलीकडे जाऊन येतो. जिथं माझा पाय ठरत नाही तिथं गाडीचं चाकही ठरणार नाही.

मिस्त्री : पायी जाताना कुणी सोबत?

डॉक्टर : एकटा कधीच नाही. एवढ्यात इंजिन आणि चाकांच्या आसाचं हौसिंग थंड होतं, ते गरजेचंच आहे. मग फोर-लो, म्हणजे चारही चाकांचा सावकाश, ताकदीचा गिअर, काठावरच टाकायचा, पाण्यात गेल्यावर नाही. दुसरा गिअर, तळ खडबडीत असला तर पहिला. पलीकडे चढेपर्यंत क्लचला पाय लावायचा नाही, प्लेटांत पाणी गेलं तर क्लच घसरतो. बोनेटच्या पुढून ताडपत्री बांधायची. वेग माणूस झपाझप चालतो तेवढा. त्या वेगाला गाडीपुढं एक लाट उभी राहते आणि तिच्यामागं बोनेटखालचं पाणी खाली बसतं. ती लाट मोडायची नाही. मध्ये थांबलात तर पाणी परत इंजिनावर येतं, उडवत नेलीत तर ते थेट एअर फिल्टरमध्ये जातं. ओढ्याचा तळ मोकळा असेल तर प्रवाहाला आडवं न जाता थोडं त्याच्या कलानं, खालच्या अंगाला निघायचं. खिडक्या उघड्या, सीट बेल्ट सोडलेला, आणि गाडीत माझ्याशिवाय कुणी नाही. शेतकरी म्हणतो, मीही येतो डॉक्टर. त्याला उतरवतो.

मिस्त्री : यात नाव ठेवायला जागा नाही. फक्त हे सगळं रात्री दोनला, टॉर्चच्या उजेडात होतं का, तेवढं विचारतो.

डॉक्टर : रात्री निम्मं होतं.

मिस्त्री : तेच. आणि तुमचं बघून मागून जो जातो, त्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. त्याला दिसतं ते एवढंच, डॉक्टर गेले.

इथं मला डॉक्टरांची बाजू घ्यावीशी वाटते. ज्ञान झाकून ठेवल्यानं लोक पाण्यात जायचे थांबत नाहीत, नुसते अडाणीपणानं जातात. भूम तालुक्यात घरोघर दूध आहे, खव्याच्या भट्ट्या आहेत. सकाळचं दूध ओढ्याकाठी अडून नासलं तर तो दिवस बुडाला, हे तिथल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. अशा माणसाला ‘जाऊ नका’ एवढंच सांगून भागत नाही. कधी जाता येईल हेही सांगावं लागतं. पण डॉक्टरांच्या पद्धतीत एक गृहीत आहे. ओढ्याचा तळ आपल्याला माहीत आहे, हे ते गृहीत. मिस्त्री पुढं त्यावरच बोट ठेवतात.

मिस्त्री : तुमच्या वडिलांच्या काळात गाडीवाट ओढ्यातून जायची. बैलगाडी जायची ती ठरावीक उताराला, तिथं तळाला मुरूम किंवा खडक असायचा. पिढ्यान्‌पिढ्या तीच जागा. आता तोच ओढा बघा. जलयुक्त शिवार योजनेत पोकलेन लावून खोल केला, रुंद केला. कुठं बंधारा घातला, त्याच्यामागं गाळ साठला. कुठं वाळू उपसली. दोन वर्षांपूर्वी जिथं घोट्याएवढं पाणी होतं तिथं आज पुरुषभर खड्डा असू शकतो, आणि वरून पाणी दोन्हीकडे सारखंच दिसतं. परंड्याकडं सीनेच्या बाजूला तर काठच काळ्या मातीचे. गाडी उतरते घसरत आणि पलीकडे चढता येत नाही. पाण्यातून निघून काठावर रुतलेल्या गाड्या मी लई बघितल्यात.

डॉक्टर : जलयुक्तला दोष देऊ नका. त्या पाण्यावर विहिरी तगल्या.

मिस्त्री : दोष नाही देत. खोलीकरण झालं ते झालं, पण वाट कुठून जाते याचा विचार त्या पोकलेनवाल्यानं केला नाही, एवढंच म्हणतो. आणि फरशी पुलाचं तर त्याहून अवघड. वरून वाटतं, खाली सिमेंट आहे, तळाची काळजी नाही. फरशीच्या खालच्या अंगाला पाणी आदळून आदळून खड्डा पडलेला असतो. फरशीला कठडा नाही. गाडी हातभर सरकली तरी थेट त्या खड्ड्यात. मधला एखादा स्लॅब वाहून गेला असेल तर तेही गढूळ पाण्याखाली दिसत नाही. नळकांडी पुलाचं आणखी निराळं, नळ्यांत उसाची पाचट नि झुडपं अडकली की धरणासारखं पाणी फुगतं आणि एकदम वरून येतं.

डॉक्टर : मग थांबायचं तरी किती? ओढा तीन-चार तासांत उतरतो, हा अनुभव आहे.

मिस्त्री : डोंगरातला ओढा उतरतो. धरणाखालची नदी नाही उतरत.

हा फरक या जिल्ह्यात फार महत्त्वाचा आहे. येडशी, येरमाळ्याकडचा ओढा जसा भसकन येतो तसाच ओसरतो. तिथं तीन-चार तास थांबणं हाच निम्म्या वेळा पार होण्याचा उपाय असतो. पण परंड्यात सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी ही धरणं आहेत. कळंबच्या बाजूला मांजरा, लोहाऱ्याकडे निम्न तेरणा. या धरणांचे दरवाजे उघडले की ऊन पडलेलं असतानाही खालचं पाणी चढतं आणि वर पाऊस थांबला तरी विसर्ग चालू राहतो. तिथं आकाशाकडे बघून अंदाज बांधणारा फसतो. तिथं विसर्गाची सूचना हाच अंदाज.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये हे सगळ्यांना एकदमच दिसलं. २२ तारखेला घटस्थापना होती, तुळजापूरच्या वाटा भाविकांनी भरायच्या होत्या, आणि त्याच दिवसांत भूम-परंड्यात अतिवृष्टीनं नद्या पात्राबाहेर आल्या. घरांना पाण्यानं वेढलं, पिकांबरोबर शेतातली मातीही खरवडून गेली, दावणीची जनावरं गेली. लष्कराच्या हेलिकॉप्टरनं माणसं उचलावी लागली. परंडा तालुक्यातल्या वडनेरला अडकलेल्या कुटुंबासाठी खासदार ओमराजे निंबाळकर एनडीआरएफच्या जवानांबरोबर स्वतः पाण्यात उतरले होते.

मिस्त्री : त्या दिवसांत माणसं कशानं निघाली? बोटीनं आणि हेलिकॉप्टरनं. गावात काय गाड्या नव्हत्या? ट्रॅक्टर नव्हते?

डॉक्टर : ट्रॅक्टर गेले की काही ठिकाणी. सायलेन्सर वर, एअर फिल्टर वर, मागची टायरं छातीएवढी.

मिस्त्री : वजनदार मुंडा ट्रॅक्टर बऱ्याच पाण्यातून जातो, मान्य. ट्रॉली जोडली की घात होतो. रिकामी ट्रॉली पाण्याला आडवी पाटी धरते, आधी ती वाहते आणि ट्रॅक्टरला ओढून नेते. आणि लोक त्या ट्रॉलीतच माणसं बसवतात.

डॉक्टर : तुमच्या गॅरेजात येतात त्या सगळ्या काही वाहून गेलेल्या गाड्या नसतात. सांगा ना लोकांना, बाकीच्यांचं काय होतं ते.

मिस्त्री : बहुतेक गाड्यांचं नुकसान ओढा करत नाही, मालकच करतो. गाडी पाण्यात बंद पडते. इंजिनानं पाणी ओढलेलं असतं. मालक घाबरून परत सेल्फ मारतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, वर पाणी, जायला जागा नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड. पहिल्यांदा बंद पडली तेव्हा हात लावला नसता तर इंजेक्टर, ग्लो प्लग काढून, इंजिन हातानं फिरवून पाणी बाहेर काढलं असतं, ऑईल-फिल्टर बदलले असते, गाडी सुरू झाली असती. दुसऱ्या सेल्फनं इंजिन उघडावं लागतं. विमावाले बहुतेक वेळा म्हणतात, हे पाण्यानं झालेलं नुकसान नाही, तुम्ही चालू करायला गेलात म्हणून झालं. इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं असलं तर ठीक, नाहीतर सगळं खिशातून.

पाणी इंजिनापर्यंत गेलं नाही म्हणून सुटलो, असं समजणाऱ्यांसाठी मिस्त्रींकडे आणखी एक गोष्ट दाखवायला असते. ते जीपखाली सरकतात, मागच्या हौसिंगचा ड्रेन बोल्ट पान्यानं सोडतात आणि खाली पसरट डबा धरतात. चांगलं गिअर ऑईल तपकिरी, चिकट, एका संथ धारेनं येतं. हे येतं ते ताकासारखं, पांढुरकं, फेसाळ, आणि सगळ्यात आधी बोल्टच्या कडेनं दोन-तीन थेंब नुसतं पाणी. चिमटीत धरून बोटं चोळली की त्याला चिकटपणाच नाही. यावर क्राऊन-पिनियनचे दात दोनेक हजार किलोमीटर फिरले तर ते झिजतात आणि आवाज करायला लागतात, तेव्हा मालकाला ओढ्याची आठवणही राहिलेली नसते. कारण साधं आहे. रस्त्यावरून पळून हौसिंग तापलेलं असतं. ते थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सिलांमधून, ब्रीदरमधून (हवा ये-जा करायच्या तोंडातून) बाहेरचं पाणी आत खेचते. डॉक्टर काठावर पंधरा मिनिटं थांबतात त्याचा हा दुसरा फायदा. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती बोनेटपर्यंत वर नेली की निम्मं काम झालं. खर्च नळीचा आणि दोन क्लिपांचा. पाण्यातून गेलेल्या गाडीचं हौसिंगचं, गिअरबॉक्सचं ऑईल त्याच आठवड्यात सोडून बघावं. ब्रेकही लगेच धरत नाहीत; काठावर चढल्यावर थोडं अंतर हळू, ब्रेकवर हलका पाय ठेवून न्यावी.

डॉक्टर : आता गाडी काढण्याचं बोलू. इथं मात्र मिस्त्री, तुमच्या लोकांवर माझा राग आहे. गाडी अडकली की ट्रॅक्टर येतो, टोचनाला साखळी येते, आणि ती कुठं बांधतात? बंपरला. नाहीतर स्टिअरिंगच्या रॉडला. एकदा मागच्या ट्रेलरच्या गोळ्याला बांधलेली बघितली.

मिस्त्री : गोळ्याला बांधणं चूकच. तो तुटला तर बंदुकीच्या गोळीवानी येतो. चेसिसच्या हुकालाच बांधावं.

डॉक्टर : आणि साखळीही नको. साखळी ताणत नाही. ट्रॅक्टरवाला हिसका देतो, सगळा दणका एका कडीवर येतो. कडी तुटली की ती कुणाच्या तरी अंगावर. वायर रोप तुटला तर उलटा फिरून वाटेत येईल ते कापतो. चांगल्या प्रतीचा रुंद पट्टा हवा, वजन लिहिलेलं शॅकल हवं. पट्ट्याच्या मध्यावर भिजलेलं पोतं टाकायचं म्हणजे तुटला तरी तो जमिनीकडे जातो. हिसका नाही, सावकाश ताण. आणि बघे? दोराच्या लांबीच्या दीडपट लांब. आपल्याकडे सगळा गाव दोराशेजारी उभा राहून ‘हाण, हाण’ करतो.

मिस्त्री : मला एक भर घालू द्या. गाडी आली त्याच बाजूनं मागं ओढावी. तो तळ तिनं बघितलेला असतो. पुढचा कुणी बघितलाय? चाकांमागचा गाळ आधी फावड्यानं काढायचा. विंच असेल तर झाडाला वायर गुंडाळायची नाही, बुंध्याला खाली पट्टा घालायचा. बाभळ जुनी, मुळाशी घट्ट असेल तरच. ओढ्याकाठचं पाणी लागलेलं झाड उपटून येतं.

डॉक्टर : पाणी वाहत असताना ओढाल का?

मिस्त्री : नाही. इथं मी ठाम आहे. गाडी वाहत्या पाण्यात बंद पडली की दर मिनिटाला चाकाखालची वाळू-माती पाणी खरवडून नेतं. ती खचत जाते, कलंडते. त्या वेळी तिला कुणी हात लावायचा नाही. माणसं बाहेर काढायची, गाडी पाणी उतरल्यावर. भंगारात गेली तरी चालेल. आतल्या माणसानं दार उघडायचा खटाटोप करायचा नाही, पाण्याच्या दाबानं ते उघडतच नाही. काच खाली घ्या, काचेची वायरिंग बंद पडायच्या आत. आधी पोरं, मग बाकीचे, खिडकीतून टपावर. आणि तिथंच बसून राहायचं.

डॉक्टर : आणि काठावरची पोरं कमरेला दोर बांधून पाण्यात उडी टाकतात त्याचं?

मिस्त्री : दुसरा कोणता उपाय आहे?

डॉक्टर : दोर बांधलेला माणूस पाण्यात गेला आणि काठावरच्यांनी दोर धरून ठेवला की प्रवाह त्याला खाली दाबतो. दोर जितका घट्ट ओढाल तितका तो बुडतो. गाठ त्याला सोडता येत नाही. बचाव पथकांकडे ओढताच सुटणारा पट्टा असतो, म्हणून ते जातात. आपण दोराचं टोक फेकावं, टायरची फुगवलेली ट्यूब बांधून सोडावी, लांब बांबू पुढं करावा. अडकलेला माणूस ते हातानं धरेल आणि हवं तेव्हा सोडूही शकेल. कमरेला गाठ मारून कुणी पाण्यात जायचं नाही.

या एका मुद्द्यावर मिस्त्री गप्प राहतात, आणि मला वाटतं या सगळ्या बोलण्यातला हाच भाग गावोगाव पोचायला हवा. गाडीत बसलेल्यापेक्षा त्याला वाचवायला निघालेल्याचा जीव जास्त स्वस्त समजला जातो. धाडसाचं कौतुक करावंच, पण हातात फेकायचा दोर असलेल्या धाडसाचं.

डॉक्टर : एक सांगतो, मिस्त्री. मला पाण्यात गाडी घालायची हौस नाही. पाणंद रस्ता झाला, मातोश्री योजनेतून मुरूम पडला, आणि नेमका ओढ्यापाशी येऊन काम थांबलं. पलीकडे पुन्हा रस्ता. मध्ये तीस फूट ओढा तसाच. तो पूल झाला असता तर फोर-लो कशाशी खातात हे मला माहीतही नसतं.

मिस्त्री : हे म्हणणं तहसीलदारापुढं मांडा, मी सही करतो. पण पूल होईपर्यंत तुम्ही रात्री पाण्यात जाणार नाही, एवढा शब्द द्या.

डॉक्टर : पाणी वाहतं असेल तर नाही जाणार. संथ आणि उतरतं असेल तर बघेन.

मिस्त्री : बघून मग मला फोन करा.

मिस्त्रींना याहून जास्त हवं होतं. माझा कौल डॉक्टरांच्या या शेवटच्या शब्दाला आहे, पण त्याची अट मिस्त्रींची. वाहत्या पाण्यात फोर बाय फोरला काहीही विशेष हक्क नाही. तिथं ती दुसऱ्या कुठल्याही गाडीसारखी वाहून जाते. उतरलेल्या, संथ, तळ ठाऊक असलेल्या पाण्यातून ती जाते आणि तिनं जावंही. तळ ठाऊक असणं मात्र पावसाळ्यात जमत नाही.

म्हणून गावकऱ्यांना एकच विनंती. येत्या मे महिन्यात, ओढे कोरडे असताना, आपल्या वस्तीच्या वाटेवरचा तळ पायी चालून बघा. खड्डा कुठं आहे, खडक कुठून कुठवर आहे, फरशीच्या खालच्या अंगाला किती खोल गेलंय, हे पोरांनाही दाखवा. ग्रामपंचायतीनं फरशीच्या दोन्ही टोकांना खांब रोवून त्यावर फूट-फुटाच्या रंगीत पट्ट्या ओढाव्यात आणि पहिल्या पट्टीच्या वर पाणी असताना, आणि पाणी वाहतं असेल तर कितीही असताना, कुठलीही गाडी पुढं सोडू नये, मग ती कुणाचीही असो. मोटरसायकल आणि छोटी कार तर संथ पाण्यातही अर्ध्या फुटाला थांबलीच पाहिजे. हे काम एका दिवसाचं आहे आणि मृग लागण्याआधी करण्यासारखं आहे.